'माझी दुकान' की 'माझे दुकान'?

आपल्या व्यापारी घरांत भाषेविषयी बोलणे क्वचितच होते. मालाचा भाव, उधारीची वसुली, मुलांचे शिक्षण, चातुर्मासाची तयारी हे विषय रोजचे. भाषा मात्र 'येतेच' असे गृहीत धरलेले. रत्नागिरीच्या राम आळीत किंवा धनजी नाक्यावर तीन पिढ्या दुकान चालवणाऱ्या घराला 'तुम्हाला मराठी येते का?' असे विचारणे हा उपमर्दच ठरावा. तरीही बँकेच्या खिडकीआड पस्तीस वर्षे बसल्यावर मला असे दिसत आले, की एकाच घरातील चार माणसांची मराठी चार प्रकारची असते. आजोबा गिऱ्हाइकाशी अस्खलित बोलत. पण 'माझी दुकान' आणि 'चहा आली' हे त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत गेले नाही. आजींची मराठी शेजारणींच्या मराठीसारखीच कोकणी वळणाची. सुनेची अजून घडते आहे. आणि नातू? तो एकही लिंग चुकवत नाही, त्याच्या उच्चारावरून तो कोणत्या घरचा हे कळणार नाही. मात्र मराठी मजकुराचा कागद पुढे आला की तो न वाचता वडिलांकडे सरकवतो.

या चौघांत मराठी सर्वांत चांगली कोणाला येते, याचे उत्तर द्यायला मी कचरतो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भाषाशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ज्याला आपण सरसकट 'भाषा येणे' म्हणतो ती एक रक्कम नसून निरनिराळ्या खात्यांत विभागलेली ठेव आहे, आणि एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्याच्या उपयोगी पडतेच असे नाही, एवढे मला अनुभवाने पटले आहे.

व्यापार आणि भाषा यांचे नाते आपल्या परंपरेत फार जुने आहे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन येते. देशोदेशीचे व्यापारी तेथे जमलेले आहेत. गुर्जर, लाट, मालव, कर्णाटक अशा प्रत्येकाचा चेहरामोहरा, स्वभाव आणि त्याच्या तोंडचे एखाद-दुसरे ठेवणीतले शब्द ग्रंथकाराने टिपले आहेत. मरहट्ट माणूस बोलण्यावरून कसा ओळखावा, तर 'दिले', 'घेतले' या अर्थाच्या शब्दांवरून! मराठीच्या इतिहासात या उल्लेखाला मोठे मोल आहे. हा ग्रंथ संपादून १९५९ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आणणारे डॉ. आ. ने. उपाध्ये हे बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे, कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या वातावरणात वाढलेले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या अनेक बांधवांना ही दुभाषिक स्थिती नवी नाही. त्यांच्या घरी तीच जन्मजात असते. कोकणातल्या आपल्या घरांची गोष्ट वेगळी. यांतील पुष्कळ घरे जालोर, सिरोही, पाली या भागांतून किंवा कच्छ-गुजरातेतून आली. ज्या जालोरात बाराशे वर्षांपूर्वी मराठी माणसाच्या बोलण्याची नोंद झाली, त्याच जालोरची माणसे पुढे रत्नागिरीत येऊन 'दिले-घेतले' शिकली, हा योग मला मोठा हृद्य वाटतो.

ही पहिली पिढी मराठी कशी शिकली? शाळेत नव्हे, गल्ल्यावर. दहा-बारा वर्षांचा मुलगा काकाच्या किंवा मामाच्या दुकानी येई, पुड्या बांधी, आणि कुणबी गिऱ्हाइकाच्या तोंडून शब्द उचली. प्रथम अंक, मग वजने-मापे, मग मालाची नावे, मग भावाची घासाघीस. वाक्य चुकले तर गिऱ्हाईक हसे, पण सौदा मोडत नसे. चूक झाली तरी काम अडत नाही, आणि तेच वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणावे लागते, अशी शाळा शोधूनही मिळायची नाही. त्या शाळेने दिलेली मराठी वेगवान, आर्जवी आणि बिनचूक हिशेबाची होती. तिच्यात राहून गेलेल्या चुकाही त्या शाळेच्याच. गिऱ्हाईक लिंग दुरुस्त करत बसत नाही.

'माझी दुकान' ही चूक अज्ञानाची नाही, हे येथे सांगितले पाहिजे. हिंदीत, मारवाडीत आणि गुजरातीत 'दुकान' स्त्रीलिंगी आहे. मराठीत ते नपुंसकलिंगी. चहाचेही तेच: हिंदीत 'चाय' आली, गुजरातीत 'चा' आली, मराठीत मात्र चहा आला. मारवाडी आणि हिंदीत लिंगे दोनच असल्याने तिसरे लिंग शिकणे म्हणजे घरात नसलेली खोली नव्याने बांधणे. गुजरातीभाषकाकडे ही खोली आधीच आहे. त्याला फक्त कोणते सामान कोणत्या खोलीत ठेवायचे एवढेच नव्याने लक्षात ठेवावे लागते. आमच्या शाखेत कच्छी-गुजराती आणि मारवाडी असे दोन्ही खातेदार होते. नपुंसकलिंगाच्या बाबतीत त्यांच्या बोलण्यातला फरक कानाला कळत असे.

उलट काही गोष्टी आपल्या लोकांना आयत्या मिळाल्या. 'ळ' आणि 'ण' हे उच्चार मारवाडी व गुजराती या दोहोंत आहेत. म्हणून जालोरहून काल आलेला माणूस 'केळं', 'नारळ', 'फळ' हे शब्द सहज उच्चारतो, आणि उत्तरेकडून आलेला हिंदीभाषक कारागीर वीस वर्षांनंतरही 'केला' आणि 'नारल' म्हणतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांतील भेद हेही असेच एक भांडवल. मराठीत 'आपण जाऊ' म्हटले की ऐकणाराही त्यात आला. 'आम्ही जाऊ' म्हटले की तो वगळला गेला. हिंदीत 'हम' दोन्हीकडे चालते. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे', मारवाडीत 'आपां' आणि 'म्हे' असा स्पष्ट भेद आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना 'आपण भावाचं बघू' आणि 'आम्ही भावाचं बघू' यांत किती अंतर आहे, हे दुकानदाराला वेगळे शिकवावे लागत नाही. तात्पर्य, कोणता गट मराठी लवकर शिकतो याचा हिशेब मांडताना तो घरून काय घेऊन आला हे आधी जमेच्या बाजूला लिहावे लागते. बुद्धी आणि कष्ट यांचे आकडे त्यानंतर.

मोठेपणी भाषा शिकता येत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. या बाबतीत संशोधकांचे निष्कर्ष मात्र थोडे निराळे आणि मोठ्या माणसांना धीर देणारे आहेत. कॅथरिन स्नो आणि मारियान होफ्नागेल-होले या दोघींनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांची डच भाषेतील प्रगती तपासली. त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वयाची मुले. प्रौढही मागे नव्हते. तीन ते पाच वर्षांची बालके, ज्यांना आपण भाषेच्या बाबतीत चमत्कारी समजतो, ती चाचण्यांत तळाला होती. लहान मुले पुढे जातात ती सावकाशीने, वर्षांच्या हिशेबात. दहा-बाराव्या वर्षी गल्ल्यावर बसवलेला मुलगा झपाट्याने मराठी बोलू लागे, यात आता मला नवल वाटत नाही. काकांनी नकळत उत्तम वय निवडले होते.

वयाची दुसरी बाजूही तितकीच खरी. जॅकलीन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी व कोरियन भाषकांची इंग्रजी व्याकरणाची जाण तपासली. सात वर्षांच्या आत आलेल्यांची जाण जन्मजात भाषकांसारखी होती. त्यापुढे आगमनाचे वय वाढत जाईल तसतसे गुण उतरत गेले. आणि सतराव्या वर्षानंतर आलेल्यांत वयाचा असा सरळ संबंध राहिला नाही, तर माणसामाणसांत फार मोठा फरक दिसला. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून असे मांडले, की व्याकरण आत्मसात करण्याची शक्ती सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते. पण जन्मजात भाषकाइतके सफाईदार व्हायचे तर सुरुवात दहाच्या आसपास व्हायला हवी. आजोबांची 'दुकान' आणि नातवाचे 'दुकान' यांतील अंतराचे उत्तर यात आहे. आजोबा आधी वेगाने पुढे गेले आणि एका जागी थांबले. नातू धिम्या गतीने आला, पण व्याकरणाच्या गावी तोच पोहोचला.

प्रौढांतील हा माणसामाणसांतला फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो, आणि त्याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील हर्णै आणि बाणकोट ही एके काळी परदेशी माणसांची मराठी शिकण्याची ठाणी होती. स्कॉटिश मिशनरी मंडळींनी १८२३ पासून बाणकोट भागात मुक्काम केला. पुढे मुंबईत ज्यांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले ते जॉन विल्सन १८२९ मध्ये, वयाच्या पंचविशीत भारतात आले आणि प्रथम मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर राहिले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी रॉबर्ट नेस्बिट यांच्या मराठी उच्चारांची त्या काळी ख्याती होती. त्याहीपूर्वी गोव्यात थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये, तिशीच्या सुमारास उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघाले; ओव्या थोड्याथोडक्या नव्हेत, सुमारे अकरा हजार. वयाच्या तिशीत भाषेची बाराखडी गिरवू लागलेला माणूस त्या भाषेत पुराण रचतो. त्या लोकांचे धर्मप्रसाराचे हेतू आपल्याला मान्य असोत वा नसोत, त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे: ते बोलणाऱ्यांत राहिले, शिकवणारे शास्त्री ठेवले, आणि बोलणे व वाचणे दोन्ही एकदम सुरू केले.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण रत्नागिरीकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याचा राजवाडा आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. तीस वर्षे ज्या गावात काढली त्या गावात त्याचे हिंडणे-फिरणे पहाऱ्यातले, येणारे-जाणारे मोजके. पण थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू हिने रत्नागिरीतच सामान्य मराठी घरातील स्त्रीप्रमाणे संसार केला. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ती हयात होती आणि तिची रोजची भाषा मराठी होती. तिला कोणी वर्ग घेऊन मराठी शिकवले नव्हते. राजवाड्याच्या भिंतीआड राहणे आणि वस्तीत राहणे, एवढाच काय तो फरक.

आपल्या घरांतील सुनांकडे मी याच दृष्टीने पाहतो. पूर्वी सिरोही-जालोरहून आलेली नवी सून वाड्यात राहत असे. विहिरीवर, ओटीवर, मागल्या दारी मराठी बायका भेटत. भाजीवालीला सांगावेच लागे, की कांदा-बटाटा नको, जमिनीखालचे काही नको. मला वाटते, आपल्या घरांतील कित्येक सुनांचे हे मराठीतील पहिले पूर्ण वाक्य असेल! बाळंतपणात सुईण मराठी, मुलांच्या आजारपणात शेजारीण मराठी. अशा रीतीने दोन-तीन वर्षांत ती बोलू लागे. तिच्या बोलण्यात 'गो' आणि 'बाय' येत, सानुनासिक स्वर येत. दुकानावरील आजोबांची मराठी बाजारी, तर आजींची घरगुती. आजोबांना 'रोख, नग, बयाणा' हे शब्द ठाऊक, आजींना 'अंगावर पिणारे मूल, दृष्ट, आंबट-ओले' हे. एकमेकांच्या प्रांतात दोघेही अडखळत.

आजची सून सदनिकेत राहते. सामान भ्रमणध्वनीवर मागवले जाते, ते आणून देणारा हिंदी बोलतो, वरच्या मजल्यावरची शेजारीणही हिंदीत सुरुवात करते, आणि दूरचित्रवाणी तर हिंदीच. तिचे शिक्षण सासूपेक्षा कितीतरी अधिक, पदवी हाताशी, तरी पाच वर्षांनंतर तिची मराठी 'समजते, पण बोलता येत नाही' येथेच थांबलेली. हा तिच्या कुवतीचा दोष नव्हे. तिला मराठीवाचून अडत नाही. ज्याच्यावाचून अडत नाही ते मोठेपणी कोणी शिकत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. नोकरीत माझी बदली काही वर्षे दक्षिण कर्नाटकात झाली होती. कानडी अंक आणि पाट्यांवरची अक्षरे मी पहिल्या दोन महिन्यांत शिकलो, कारण धनादेश वाचावे लागत. क्रियापदे शेवटपर्यंत आली नाहीत. सारे खातेदार माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलण्याचे सौजन्य दाखवत, आणि त्या सौजन्याने माझी कानडी मारली.

आता नातवंडांकडे येऊ. मला या लेखात खरे लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी.

इंग्रजी माध्यमातील आपली मुले मराठी चटचटीत बोलतात. मित्र मराठी, रिक्षावाले मराठी, दुकानातील नोकर मराठी. म्हणून आईवडील निर्धास्त असतात. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक भेद दाखवून दिला आहे: समोरासमोरच्या बोलण्याची सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण वाचून समजणे, मुद्देसूद लिहिणे, अपरिचित विषयावरचा मजकूर उलगडणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात, आणि तीही शिकवणे चालू असेल तर. पहिली सफाई पाहून दुसरीही आली असे शिक्षक व पालक समजतात आणि तेथेच फसगत होते. आपल्या मुलांची गत नेमकी हीच आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली हे चांगलेच झाले. परंतु आठवड्यातील चार-पाच तासिका आणि परीक्षेपुरती प्रश्नोत्तरे यांतून वाचनाची सवय लागत नाही.

अंकांचेच पाहा. गिऱ्हाईक म्हणते 'एकोणसत्तर', आणि गल्ल्यावरचा पदवीधर तरुण विचारतो, 'सिक्स्टी नाइन ना?' मराठीत शंभरापर्यंतचे जवळजवळ सारे अंक सुटे सुटे पाठ करावे लागतात, हे खरे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन सुचवले तेव्हा केवढे वादळ उठले होते! मला त्या सूचनेत गैर काही वाटले नाही, पण व्यापाऱ्याच्या मुलाला 'एकोणऐंशी' कळू नये हे मात्र बोचते. आमच्या कॅशियर मंडळींत मी एक गोष्ट नेहमी पाहत असे. बाहेर कोणतीही भाषा चालू असो, नोटा मोजताना माणूस स्वतःच्या भाषेत मोजतो. आजोबा मारवाडीत मोजत, वडील मराठीत मोजतात, मुलगा इंग्रजीत.

पाठशाळेतील मुले प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे एका दमात, एकही अक्षर न चुकवता म्हणतात. ऐकणाऱ्याचे मन भरून येते. अर्थ विचारला तर मात्र बहुतेक गप्प. ही एक प्रकारची सफाई: उच्चार आहे, अर्थ नाही. मराठीच्या बाबतीत याच मुलांची स्थिती वेगळ्या तऱ्हेने अपुरी: बोलणे आहे, वाचणे नाही. आणि मॉरिशसमध्ये, जेथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज राहतात, तेथे तिसराच प्रकार. घरात क्रिओल बोलली जाते आणि मराठी मुले ती शाळेत ऐच्छिक भाषा म्हणून शिकतात. तेथे वाचणे आहे, पण स्वयंपाकघरात ती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि प्राकृत या दोहोंना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या घरांशी इतका निकटचा संबंध असलेल्या दोन भाषा, आणि दोन्ही आपल्या मुलांना अर्ध्याच येतात.

कोणी म्हणेल, वाचता आले नाही म्हणून काय बिघडले? बँकेतल्या माणसाला विचारा. मी निवृत्त होण्यापूर्वी दोन वर्षांची गोष्ट. एक तरुण व्यापारी महामार्गालगतचा बिगरशेती भूखंड गोदामासाठी घ्यायचे ठरवून कर्ज मागायला आला. बोलण्यात चतुर, मराठी अशी की लांज्याचा शेतकरी आणि तो एकाच गावचे वाटावेत. सौदा ठरला होता, बयाणा दिला होता, मोठी रक्कम होती. सातबारा पाहिला का, असे विचारता 'पाहिला' म्हणाला. पाहिला होता हे खरे, वाचला नव्हता. नाव आणि क्षेत्र एवढे जुळवून त्याने कागद मिटला होता. 'इतर अधिकार' या रकान्यात एका संस्थेच्या कर्जाचा बोजा चढवलेला स्पष्ट दिसत होता. 'बोजा' हा शब्द त्याला ठाऊक होता, पण ओझे या अर्थी. आमच्याकडून कर्ज मिळाले नाही, आणि बयाणा परत मिळवता मिळवता दोन वर्षे गेली. तोही पुरता मिळाला नाही.

त्याच्या आजोबांच्या हातून असे झाले नसते, असे मी म्हणणार नाही. त्यांनाही मराठी वाचन बेताचेच होते, वही ते महाजनी लिपीत लिहीत. पण आपल्याला वाचता येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते प्रत्येक कागद मुनीमजींकडून किंवा ओळखीच्या वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घेत. स्थानिक भाषेत सही करणाऱ्या कर्जदाराकडून बँका एक निवेदन लिहून घेतात, की इंग्रजी कागदातील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे. आजोबांच्या पिढीतील माणसे ते निवेदन गंभीरपणे घेत आणि 'सांगा, काय लिहिलंय' म्हणून समोर बसत. नातवाकडून असे निवेदन कोणी घेत नाही. त्याला इंग्रजी येते, मराठी तो फडाफड बोलतो, तेव्हा त्याला सारे येते असे समोरचाही समजतो आणि तोही समजतो. खरेदीखत, फेरफार, नगरपरिषदेची नोटीस, भाडेकरार, सहकारी संस्थेचा ठराव हे सारे कागद मात्र आजही मराठीतच येतात.

याच गावात मला दुसरेही चित्र दिसते. हापूसच्या बागांत राखणीला आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर कामाला नेपाळी माणसे मोठ्या संख्येने येतात. बागेत एकटा राहणारा राखणदार चार-चार वर्षे राहूनही मोडकी हिंदीच बोलतो. त्याला बोलायला तेथे असते कोण? त्याची मुले मात्र गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. अशी एक तिसरी-चौथीतील मुलगी वडिलांबरोबर आमच्या शाखेत येत असे. मराठी अर्जावरील एकेक ओळ ती वाचे, नेपाळीत वडिलांना सांगे, त्यांचे उत्तर मराठीत आम्हाला सांगे. तिची मराठी बोलण्यात आमच्या दुकानदारांच्या मुलांहून सरस होती असे नाही. पण तिच्या शाळेत गणित, परिसर अभ्यास, कविता, सूचना सारे मराठीत होते, म्हणून कागद तिला परका नव्हता.

इंग्रजी माध्यम सोडा, असा सल्ला मी देणार नाही. माझी स्वतःची नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. धंद्याला इंग्रजी लागते आणि ती लागणारच. पण वाचनाची सोय घरी करावी लागेल, कारण शाळा ती करणार नाही आणि रस्ता तर नाहीच. १८२८ पासून चालू असलेले जिल्हा नगर वाचनालय आपल्या गावात आहे. आपल्या किती घरांची तेथे वर्गणी आहे, हे एकदा मोजून पाहावे. आणि केवळ गोष्टींची पुस्तके पुरणार नाहीत. धंद्याचे कागदही मुलांच्या हाती पडायला हवेत.

माझ्या परिचयाच्या एका घरात गेल्या दिवाळीपासून एक प्रयोग चालू आहे. रविवारी सकाळी दुकान उशिरा उघडते, तेव्हा घरातील एक जुना कागद बाहेर काढतात. दोन नातवंडे तो मोठ्याने वाचतात आणि आजोबा अर्थ सांगतात. आजोबांनाही न आलेला शब्द आला तर वहीत लिहून ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलाला विचारतात. गुजरातहून आलेली नवी सून आरंभी चहा देण्यापुरती तेथे येई. आता तीही बसते, आणि नपुंसकलिंग तिला इतरांपेक्षा लवकर कळते म्हणून मुलांची लिंगे तीच दुरुस्त करते. आतापर्यंत भाडेपावती, वीजबिल, दुकानाचा परवाना आणि १९७४ चे एक खरेदीखत एवढे वाचून झाले आहे. खरेदीखताला पाच रविवार लागले. सध्या सातबारा चालू आहे, आणि गाडी 'इतर अधिकार' या रकान्याशी आली आहे.